जगज्जेतेपदाचा घाट

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी या काळ्या समुद्राकाठच्या गावात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम लढतीतले क्लासिकल पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. तिसऱ्या दिवशी जलदगतीचे टायब्रेक झाले. त्यातला पहिला डावही बरोबरीत गेला आणि दुसरा दिव्याने काळी मोहरी घेऊन जिंकला. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. शिवाय बाटुमीला जाताना दिव्याकडे ग्रँडमास्टर पदासाठी लागणारा एकही नॉर्म नव्हता. विश्वचषक जिंकणारीला हे पद थेट मिळते, या नियमाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, आणि स्त्रियांपुरते बोलायचे तर हम्पी, हरिका आणि वैशालीनंतरची चौथी.

दुसऱ्या दिवशी कर्जतहून मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये या बातमीवर बरीच चर्चा चालली होती. दोन तासांचा प्रवास, त्यामुळे कुठलाही विषय मुळापर्यंत नेण्याची आमच्याकडे सोय असते. एका मुलाने विचारले, "काका, म्हणजे दिव्याताई जगज्जेती झाली की नाही?" डब्यात दोन तट पडले. विश्वचषक जिंकला म्हणजे जग जिंकले, क्रिकेटमध्ये नाही का तसेच असते, असे एका बाजूचे म्हणणे. मग चीनची जू वेनजुन कोण, हा दुसऱ्या बाजूचा सवाल.

तर, दिव्या जगज्जेती झालेली नाही. जगज्जेती २०१८ पासून जू वेनजुन आहे. पण हेच यश दिव्याने पंधरा वर्षे आधी, याच पद्धतीच्या स्पर्धेत मिळवले असते, तर ती त्या संध्याकाळी जगज्जेती म्हणून जाहीर झाली असती. या चमत्कारिक उत्तरामागे जवळपास दीडशे वर्षांची भांडणे आहेत.

जगज्जेतेपदाचा पहिला अधिकृत सामना १८८६ मध्ये झाला. न्यूयॉर्क, सेंट लुइस आणि न्यू ऑर्लिन्स अशा तीन शहरांत विल्हेल्म स्टाइनिट्झ आणि योहान्स झुकरटोर्ट खेळले, स्टाइनिट्झ जिंकला. तेव्हापासून १९४६ पर्यंत हे पद म्हणजे जेत्याची खासगी मालमत्ता होती. कोणाचे आव्हान स्वीकारायचे, कधी, कुठे आणि किती पैशांवर, हे सगळे जेता ठरवी. जेता असताना कापाब्लांकाने दंडक घातला, की आव्हानवीराने दहा हजार डॉलरची थैली उभी करावी. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्सला अलेखिनने त्याला हरवले आणि त्याचाच दंडक त्याच्यावर उलटवला. कापाब्लांकाला परतीचा सामना शेवटपर्यंत मिळाला नाही. अलेखिनने मात्र १९३५ मध्ये हॉलंडच्या माक्स युवे या गणिताच्या शिक्षकाशी सामना केला आणि तो हरला. युवेने दोन वर्षांनी अलेखिनला सरळपणे परतीचा सामना दिला, आणि स्वतः पद गमावून बसला. या सगळ्या जेत्यांत सज्जन म्हणावा असा हा एकच. त्याची गाठ पुढे एका मराठी मुलीच्या प्रकरणाशी पडायची आहे.

अलेखिन १९४६ मध्ये जगज्जेता असतानाच वारला, आणि पहिल्यांदाच ही गादी रिकामी झाली. फिडे ही जागतिक संघटना १९२४ मध्ये पॅरिसला स्थापन झाली होती, पण तोपर्यंत जगज्जेतेपदावर तिचे काही चालत नसे. आता चालले. तिने १९४८ मध्ये हेग आणि मॉस्कोत पाच जणांची स्पर्धा घेतली, बॉटविनिक जिंकला. युवे शेवटचा आला. त्यानंतर फिडेने दर तीन वर्षांनी चालणारा रस्ता आखला: आधी देशाचे अजिंक्यपद, मग विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय, मग कँडिडेट्स म्हणजे उमेदवारांची स्पर्धा, आणि तिथला विजेता जगज्जेत्याचा आव्हानवीर.

कर्जत-खालापूरच्या माणसाला हा रस्ता समजावणे सोपे आहे. कर्जतहून पुण्याकडे निघालेली गाडी पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल करत खंडाळ्याला पोचते. मधले एक स्टेशन गाळून वर जाता येत नाही, आणि मागून इंजिन लावल्याशिवाय बहुतेक गाड्या घाट चढत नाहीत. पळसदरीला मात्र एक फाटा फुटतो. तो केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला जातो आणि घाटाच्या पायथ्याशी संपतो. खोपोलीला जायचे असेल त्याचा प्रवास तिथे पूर्ण झाला. पण त्या गाडीत बसून खंडाळा येणार नाही. बुद्धिबळातली जलदगती आणि अतिजलद जगज्जेतेपदे अशी आहेत. हम्पीने २०१९ मध्ये मॉस्कोला आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कला जलदगतीचे जगज्जेतेपद जिंकले. ती जगज्जेतेपदे पूर्ण आहेत, अस्सल आहेत, पण त्यांचा मार्ग जू वेनजुनच्या पदाकडे जात नाही. ज्युनियर जगज्जेतेपदही तसेच. पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने २००९ मध्ये अर्जेंटिनातल्या पुएर्तो माद्रिनला मुलींचे ज्युनियर जगज्जेतेपद मिळवले. दिव्याने ते २०२४ मध्ये गांधीनगरला अकरापैकी दहा गुण करून मिळवले. वीस वर्षांखालच्यांत जगात पहिली, इतकाच त्याचा अर्थ.

कर्जतचे नाव इथे केवळ घाटासाठी घेतले असेही नाही. मराठी बुद्धिबळाची गिरगाव, पुणे आणि सांगली ही तीन मोठी ठाणी एकाच रेल्वेमार्गाच्या आसपास आहेत, आणि मुंबईचा खेळाडू स्पर्धेसाठी पुण्या-सांगलीकडे निघाला की कर्जतला त्याची गाडी बहुधा थांबतेच. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि आयुष्यभर मुलांना पटावर बसवले. त्या काळी देशाचे अजिंक्यपदही अस्तित्वात नव्हते. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रातल्या एलुरूला झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. फिडेच्या रस्त्यावर भारताचे पहिले पाऊल पडले ते इथे.

बायकांसाठी तर आणखी एकोणीस वर्षे काहीच नव्हते. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि ती गिरगावच्या वासंती खाडिलकरने जिंकली. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. पुढची दहाएक वर्षे महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत बोलबाला या एका घराचाच होता. कोणत्या वर्षी कोण जिंकली एवढाच प्रश्न असे. जयश्री १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय महिला मास्टर झाली, हा किताब मिळवणारी पहिली भारतीय. रोहिणी तिघींत धाकटी आणि, माझ्या मते, तिघींत सर्वांत लढाऊ.

या रोहिणीने १९७६ मध्ये, तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. महिलांची स्पर्धा वेगळी असताना ही मुलगी इथे कशी, यावर गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. फिडेचे अध्यक्ष तेव्हा माक्स युवे होते, १९३५ चे तेच गणिताचे शिक्षक. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदापासून स्त्रियांना स्त्री म्हणून अडवता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. आज आपण ज्याला सवयीने 'पुरुषांचे' जगज्जेतेपद म्हणतो ते नियमाने सर्वांना खुले आहे. त्या पदावर उद्या एखादी बाई बसली तर कोणाला हरकत घेता येणार नाही. बायकांचे जगज्जेतेपद वेगळे आहे, पण ते जादाचे आहे. १९२७ मध्ये लंडनला व्हेरा मेंचिकने ते पहिल्यांदा जिंकले आणि १९४४ मध्ये लंडनवरच्या हल्ल्यात तिचा मृत्यू होईपर्यंत ते तिच्याकडेच होते. ही मेंचिकही तिच्या काळच्या नामवंत पुरुषांबरोबर खेळत असे आणि त्यांतल्या काहींना हरवतही असे, युवेसुद्धा त्यांत होते.

रोहिणीकडे परत येतो. १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई महिला अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा झाली. रोहिणीने बारापैकी साडेअकरा गुण केले. १९८३ मध्ये क्वालालंपूरलाही तीच जिंकली. १९८५ आणि १९८७ मध्ये हे अजिंक्यपद मुंबईच्या अनुपमा अभ्यंकरने, म्हणजे नंतरच्या अनुपमा गोखलेने, मिळवले. १९९१ मध्ये भोपाळला ते भाग्यश्री साठे-ठिपसेकडे आले. दहा वर्षांत पाच वेळा आशियाचा मुकुट मराठी मुलींच्या डोक्यावर बसला. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा लोकांना ऐकवतो, कारण फार थोड्यांना ते माहीत असते. दिव्याच्या विजयावर लिहिताना आपल्या वर्तमानपत्रांनीही जणू मराठी मुली कालपर्यंत भातुकली खेळत होत्या अशा थाटात लिहिले.

मग यांपैकी कोणी जगज्जेतेपदापर्यंत का पोचली नाही? आशियाचे अजिंक्यपद मोठे खरे, पण तेव्हाच्या आशियात चीन अजून पुरता उतरला नव्हता, आणि वरच्या टप्प्यावर सोव्हिएत बायका बसल्या होत्या. १९५० पासून १९९१ पर्यंत महिलांचे जगज्जेतेपद एकदाही सोव्हिएत संघाबाहेर गेले नाही. त्यातली शेवटची एकोणतीस वर्षे ते नोना गाप्रिंदाश्विली आणि माया चिबुर्दानिद्झे या दोन जॉर्जियन बायकांकडे होते. त्यांच्यामागे प्रशिक्षकांची फौज आणि सरकारी पगार होता. आपल्या मुलींच्या मागे घरचे लोक होते.

आता त्या भांडणाकडे येऊ ज्याने सगळा रस्ताच उखडला. १९९३ मध्ये गॅरी कास्पारोव्ह आणि त्याचा आव्हानवीर नायजेल शॉर्ट यांनी बक्षिसाच्या रकमेवरून फिडेशी फारकत घेतली, स्वतःची संघटना काढली आणि लंडनला आपला सामना खेळले. फिडेने कास्पारोव्हचे पद काढून घेतले आणि कार्पोव्ह आणि टिमान यांच्यात दुसरा सामना लावला. जगाला दोन जगज्जेते मिळाले. विश्वनाथन आनंदची उमेद नेमकी या गोंधळात सापडली. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर तो कास्पारोव्हशी खेळला आणि हरला. दुसऱ्या घरात, फिडेने १९९७ पासून जगज्जेतेपदाची बाद फेरीची स्पर्धा सुरू केली. ग्रोनिंगेनला आनंद तीनेक आठवडे एकेकाला बाद करत वर आला, आणि थोड्याच दिवसांनी, जानेवारी १९९८ मध्ये, लोझानला ताजातवाना बसलेल्या कार्पोव्हशी त्याला खेळायला लावले. टायब्रेकमध्ये कार्पोव्ह जिंकला. हा अन्याय होता आणि त्याला दुसरे नाव द्यायची गरज नाही. २००० मध्ये आनंदने अशीच बाद स्पर्धा दिल्लीत खेळून तेहरानला शिरोव्हला हरवले आणि तो फिडेचा जगज्जेता झाला. त्याच वर्षी लंडनला क्रॅम्निकने कास्पारोव्हला हरवले, म्हणून तोही जगज्जेता.

बाद पद्धतीत एका लढतीत दोन क्लासिकल डाव, मग जलदगती, मग अतिजलद. एक वाईट दुपार आली की घरी. यात कसोटी कोण तगतो याची असते, कोण सर्वांत बलवान याची तितकी नसते. १९९९ मध्ये लास वेगासला जागतिक क्रमवारीत ४४ वा असलेला खलिफमान जगज्जेता झाला. तो चांगला ग्रँडमास्टर होता यात शंका नाही, पण कास्पारोव्ह घरी बसलेला असताना ही पदवी कोणाला पटणार? शेवटी २००६ मध्ये एलिस्टाला क्रॅम्निक आणि टोपालोव्ह यांचा सामना होऊन दोन्ही गाद्या एक झाल्या, तेही स्वच्छतागृहाच्या वापरावरून भांडून आणि एक डाव न खेळता सोडून. आनंदने २००७ मध्ये मेक्सिको सिटीला हे एकत्रित पद जिंकले आणि २००८ मध्ये बॉनला क्रॅम्निकला सामन्यात हरवून त्यावर शिक्का मारला.

पुढे आव्हानवीर आणि जगज्जेता यांच्या सामन्याची जुनी रीत परत आली, आणि बाद पद्धतीची स्पर्धा 'विश्वचषक' या नावाने एक पायरी खाली उतरली. आता ती जगज्जेता ठरवत नाही, कँडिडेट्सच्या काही जागा ठरवते.

बायकांच्या बाबतीत मात्र फिडेला ही सुबुद्धी यायला फार वेळ लागला. २००० पासून २०१८ पर्यंत महिला जगज्जेती अनेकदा बाद स्पर्धेतूनच ठरली. २०१० मध्ये तुर्कस्तानातल्या हातायला सोळा वर्षांची हू यिफान अशीच ६४ जणींच्या स्पर्धेतून जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी तिराना इथे हम्पी तिच्याशी रीतसर सामना खेळली आणि हरली. त्यानंतर कारभार असा होता की एक वर्ष बाद स्पर्धा आणि पुढच्या वर्षी सामना. जवळपास दरवर्षी नवी राणी. कोणी पद राखायला बसण्याआधीच दुसरी स्पर्धा दाराशी उभी. २०१७ मध्ये तेहरानला तान झोंगयी जगज्जेती झाली आणि पुढच्या वर्षी सामन्यात जू वेनजुनकडून हरून पद गमावून बसली. २०१९ मध्ये कझानला महिलांची कँडिडेट्स झाली, आणि २०२१ पासून बाद स्पर्धा महिलांचा विश्वचषक म्हणून वेगळी काढली. सोचीला कोस्तेन्युक, २०२३ ला बाकूत गोर्याचकिना, आणि तिसऱ्या खेपेला बाटुमीत दिव्या.

बाटुमीत १०७ जणी होत्या आणि दिव्याला पंधरावे मानांकन होते. तिने झू जिनरला टायब्रेकमध्ये काढले, उपांत्यपूर्व फेरीत हरिकाला टायब्रेकमध्ये, आणि उपांत्य फेरीत १०१ चाली चाललेल्या डावात त्याच तान झोंगयीला. आठ वर्षांपूर्वी तानला ज्या धर्तीच्या स्पर्धेने जगज्जेती केले, त्याच धर्तीच्या स्पर्धेत तानला हरवूनही दिव्याच्या पदरात पडले ते ग्रँडमास्टर पद, चषक आणि कँडिडेट्सची जागा. मला व्यक्तिशः हे योग्य वाटते. हू यिफानसारखी प्रतिभावान मुलगी या पद्धतीने वर आली, पण याच पद्धतीला कंटाळून तिने पुढे महिलांच्या जगज्जेतेपदाचा नाद सोडला, हेही विसरता येत नाही.

कँडिडेट्सला पोचायचा दुसरा रस्ता ग्रँड स्विस. अकरा फेऱ्या, कोणी बाद होत नाही, जिंकत गेलात की समोर जिंकत आलेलाच येतो. २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनला नाशिकच्या विदित गुजराथीने ती साडेआठ गुणांनी जिंकली आणि एप्रिल २०२४ मध्ये तो टोरोंटोच्या कँडिडेट्सला बसला. तिथे आठ जण, प्रत्येकाशी दोनदा, एकूण चौदा डाव. ती स्पर्धा गुकेशने जिंकली आणि १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला.

ऑलिम्पियाडचा मामला सगळ्यात वेगळा, कारण तिथे देश खेळतो आणि जगज्जेतेपदाशी त्याचा संबंध नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण मिळवले. खुल्या संघात विदित होता. महिला संघात तिसऱ्या पटावर दिव्याने अकरापैकी साडेनऊ गुण करून वैयक्तिक सुवर्णही घेतले, आणि त्या संघाचा कर्णधार पुण्याचा ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होता. कर्णधार पटावर बसत नाही. कोणाला कधी खेळवायचे, कोणाला विश्रांती द्यायची, बरोबरी घ्यायची की नाही, याचा भार त्याच्यावर. या कामाची बातमी होत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये खुला विश्वचषक गोव्यात झाला. २०६ खेळाडू आणि आनंदच्या नावाचा चषक. दिव्याला त्यात खास प्रवेश मिळाला होता, म्हणजे १९७६ मध्ये रोहिणीच्या वेळी ज्यावरून गदारोळ झाला ते आता आयोजक आपणहून बोलावून करत होते. चषक उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोव्हने नेला. योगायोग असा की तो दिव्याहून फक्त एका दिवसाने मोठा आहे. दिव्या ग्रीसच्या खेळाडूकडून दोन्ही डाव हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडली. काही ठिकाणी त्यावर उगाच गळे काढले गेले. महिलांच्या कँडिडेट्समधली तिची जागा बाटुमीत मिळालेली होती. गोव्यातल्या निकालाने तिला धक्का लागायचा प्रश्नच नव्हता.